बॉयलर बंद पडला आणि माझी उजळणी झाली



आज विषय जरा वेगळा आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत हिवाळ्यात घर गरम ठेवायला गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो बंद पडला तर घरच्या माणसाने स्वतः काय तपासावं आणि कुठे थांबावं, याविषयी लिहितोय. तुम्ही म्हणाल, सर, आम्ही बॉयलर बघितला तो साखर कारखान्यात, घरातल्या बॉयलरचं आम्हाला काय? दोन कारणं आहेत. एक तर आपल्यापैकी अनेकांची मुलं-मुली, भाचे-पुतणे आज तिकडे नोकरीला आहेत. थंडीत त्यांचा "घर गार पडलंय" असा फोन आला की आपण इकडून "स्वेटर घाल" याच्यापलीकडे काही सांगू शकत नाही. दुसरं कारण जरा खाजगी आहे. ३१ वर्षं विज्ञान शिकवलेल्या माझी त्या बॉयलरने परीक्षा घेतली आणि मी काठावरसुद्धा पास झालो नाही. असं का झालं, ते तुमच्यापुढे मांडायचं आहे, कारण त्याचा संबंध आपल्या वर्गाशी आहे.

त्या दिवशी सकाळी

निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा मी मुलीकडे लीड्सला काढला. मुलगी तिथे नर्स आहे. जावई तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते. नात सात महिन्यांची. जानेवारीतली गोष्ट, रात्री बाहेर उणे ६ अंश.

पहाटे जाग आली तीच थंडीने. भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला तर गार. स्वयंपाकघरात जाऊन गरम पाण्याची तोटी सोडली, तर बर्फासारखं पाणी. कपाटातल्या बॉयलरच्या छोट्याशा पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत होते.

घर भाड्याचं. तिकडे भाड्याच्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करून घेणं आणि ती सुरक्षित ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी असते. म्हणून मुलीने लगेच एजंटला फोन लावला. उत्तर आलं, "थंडीमुळे सगळीकडूनच तक्रारी आहेत, माणूस उद्या दुपारी येईल." उद्या दुपार म्हणजे जवळजवळ तीस तास. आणि घरात तान्हं बाळ.

आधी हा बॉयलर समजून घेऊ

तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब बघितलाय, त्यांना हे चटकन समजेल. बंबाच्या मधोमध नळकांडं, त्यात लाकडं-कोळसे पेटवायचे, भोवती पाणी. आमच्या आजीचा नियम होता, पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही. रिकाम्या बंबाखाली जाळ केला की डाग दिलेले सांधे सुटायचे आणि बंब गळायला लागायचा.

घरगुती बॉयलर म्हणजे बंबाचा शहाणा नातू समजा. आत गॅसची ज्योत असते आणि त्या ज्योतीच्या उष्णतेतून पाणी फिरतं. तापलेलं पाणी पंपाने घरभर नळ्यांतून जातं, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरना उष्णता देतं आणि निवून परत येतं. तेच पाणी पुन्हा तापतं, पुन्हा जातं. या बंद फेऱ्यात पाण्याचा दाब ठरावीक असावा लागतो. सगळं थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार हवा. पुस्तकात आपण शिकवतो तो हवेचा दाब म्हणजे जवळपास १ बार, त्यावरून अंदाज करा. दाब फार कमी झाला की बॉयलर स्वतःहून बंद होतो. आजीचा नियमच त्याच्या मेंदूत बसवलाय म्हणा ना.

हल्लीच्या 'कॉम्बी' बॉयलरमध्ये नळाचं गरम पाणीही तिथेच, लागेल तेव्हा तापवलं जातं. साठवणीची टाकी नसते.

आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. जुने बॉयलर ही वाफ धुराड्यातून तशीच बाहेर सोडायचे. नवे बॉयलर ती आतच थंड करून तिचं पाणी करतात, कारण वाफेचं पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो. १ ग्रॅम वाफेमागे ५४० कॅलरी, हे आपण फळ्यावर किती वेळा लिहिलंय! रेडिएटरकडून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तर ही वाफ चांगली निवते आणि तेवढा गॅस वाचतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून काही अपवाद सोडले तर नवा गॅस बॉयलर बसवायचा तो याच प्रकारचा, असा नियम आहे.

पण वाफेचं पाणी झालं की ते कुठेतरी सोडायला हवं. त्यासाठी बॉयलरमधून एक प्लॅस्टिकची नळी निघते. कित्येक घरांत ती भिंतीतून बाहेर काढून खाली गटाराला जोडलेली असते. ही नळी लक्षात ठेवा.

मी काय केलं

मुलगी फोनवर होती तेवढ्यात मी कामाला लागलो. बॉयलरवर रीसेटचं बटण होतं, ते दाबलं. आत काहीतरी गुडगुडलं, टकटक झालं आणि पुन्हा बंद. परत दाबलं. असं पाच-सहा वेळा केलं. मग बाजूची एक कळ फिरवून बघितली, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा वर नेला. कशानेच काही होईना, तेव्हा जावयांच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बॉयलरच्या पुढच्या झाकणाचा स्क्रू शोधायला लागलो.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, थांबा. तुम्ही नेमकं काय शोधताय?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीच शोधत नव्हतो. मी नुसता हात लावत सुटलो होतो. अप्रकट उष्मा मला पाठ होता, मिथेनचं समीकरण पाठ होतं. समोरची वस्तू का बंद पडली हे शोधायचं कसं, ते मात्र मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही ते कुणाला शिकवलं नव्हतं.

तिने काय केलं

तिने आधी बॉयलरकडे बघितलंच नाही. बाळाला सगळ्यात लहान खोलीत नेलं, दार लावलं, विजेचा छोटा हीटर लावून तेवढी एकच खोली ऊबदार केली. बाळाच्या मानेला मागून हात लावून बघितला. मग म्हणाली, "वॉर्डात मशीनचा अलार्म वाजला की आम्ही आधी पेशंट बघतो, मग मशीन."

मग वही घेतली आणि बॉयलरसमोर स्टूल टाकून बसली. पुढचं सगळं मी शेजारी उभं राहून बघितलं. ते जसं घडलं तसं सांगतो.

पहिलं, वीज आहे का? दिवे लागतायत, म्हणजे आहे. गॅस येतोय का? शेगडी पेटवून बघितली, निळी ज्योत आली. म्हणजे गॅस आहे.

दुसरं, बिघाड कुठल्या बाजूला आहे? रेडिएटर गार आणि नळाचं पाणीही गार. "नळ गरम असता आणि रेडिएटरच गार असते, तर आधी थर्मोस्टॅट किंवा टायमर बघितला असता. दोन्ही गार आहेत म्हणजे बॉयलरच पेटत नाहीये." या एका वाक्यात अर्धं घर संशयातून सुटलं.

तिसरं, पडद्यावरचा कोड. तो तिने वहीत लिहून घेतला आणि खणातून बॉयलरची पुस्तिका काढली. हे कोड प्रत्येक कंपनीचे आणि मॉडेलचे वेगळे असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या बॉयलरचा अनुभव इथे चालत नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं : ज्योत पेटत नाही. कारणांच्या यादीत गॅस बंद असणं होतं, आणि खाली 'पाणी बाहेर नेणारी नळी तुंबणं किंवा गोठणं' हेही होतं.

चौथं, दाब. काटा १.२ वर होता. ठीक. म्हणजे फेऱ्यातलं पाणी कमी झालेलं नाही.

पाचवं, "काल रात्रीपर्यंत चालू होतं. मग रात्रीत बदललं काय?" हे विचारून तिने माझ्याकडे बघितलं. बदललं होतं ते बाहेरचं तापमान. रात्रीत पारा शून्याच्या बराच खाली गेला होता. "आणि बाबा, तुम्ही बटण दाबल्यावर आवाज कसला आला होता?" गुडगुड. म्हणजे पाणी अडल्याचा आवाज. तो मी सहा वेळा ऐकला होता आणि एकदाही त्याचा विचार केला नव्हता.

मग आम्ही मागच्या दारी गेलो. भिंतीतून निघालेली पांढरी नळी कमरेएवढ्या उंचीवरून खाली जात होती. तिच्या वाकणाशी हात लावला तर दगडासारखी घट्ट. खालच्या तोंडाशी बर्फाचा बोळा बसलेला.

मी केटलमध्ये पाणी उकळायला ठेवणार, तर तिने ते थांबवलं. उकळतं पाणी गोठलेल्या प्लॅस्टिकवर ओतलं तर नळी तडकू शकते आणि आपला हातही भाजतो. कोमट पाणी जगात घेऊन वाकणावर हळूहळू ओतलं. शेकायची गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून नळीला बांधली. वीस-पंचवीस मिनिटांनी आतून बर्फाचा तुकडा सुटला आणि भसकन पाणी गेलं. ओतलेलं पाणी फरशीवर पुन्हा गोठून कुणी घसरू नये म्हणून तिने तिथे मीठ टाकलं. आत येऊन बटण एकदाच दाबलं.

ज्योत पेटली. तासाभरात घर ऊबदार झालं. एजंटला फोन करून सांगितलं, नळी गोठली होती, ती मोकळी केलीय, पण तिला आवरण नाहीये, ते बसवून द्या. बाहेरची नळी साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची, शक्य तितकी आखूड आणि आवरण घातलेली असावी, म्हणजे ती सहसा गोठत नाही. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं.

घरच्या घरी काय तपासता येतं

तुमचं कुणी तिकडे असेल तर एवढी यादी त्यांना जरूर पाठवा.

१. वीज, गॅस आणि घड्याळ. आगाऊ पैसे भरायचा मीटर असेल तर पैसे संपलेत का बघा. वीज जाऊन आल्यावर काही टायमरचं घड्याळ चुकतं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे-मागे होतात, तेव्हाही टायमर बघावा.

२. थर्मोस्टॅट. बिनतारी असेल तर त्यातले सेल संपलेले असू शकतात. खोलीच्या तापमानापेक्षा त्याचा आकडा वर नेल्याशिवाय बॉयलर पेटणारच नाही.

३. दाबाचा काटा. दाब १ च्या खाली असेल तर पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे पाणी भरता येतं. बहुतेक ठिकाणी बॉयलरखाली जाळीदार आवरणाची लवचिक नळी आणि दोन व्हॉल्व्ह असतात. बॉयलर बंद करून थंड होऊ द्या, दोन्ही व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, काटा १ ते १.५ च्या दरम्यान आला की दोन्ही घट्ट बंद करा. बंद करायला विसरलात तर दाब चढत जातो आणि ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर पडतं. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग भरत बसू नका, माणूस बोलवा.

४. रेडिएटर. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनी खिळीला तिची किल्ली लावून थोडीशी फिरवा. खाली फडकं धरा. सूं करत हवा जाते. पाणी यायला लागलं की लगेच बंद करा. नंतर दाबाचा काटा पुन्हा बघा, कारण हवा गेली की दाब उतरतो. उलट खालचा भाग गार आणि वरचा गरम असेल तर तळाशी गाळ साठलाय, ते काम आपलं नाही.

५. कडाक्याच्या थंडीत बाहेरची नळी. जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तरच. बर्फावर शिडी लावायची नाही.

६. रीसेट. कारण शोधून, ते दूर करून मग एकदा. फार तर दोनदा. बॉयलर स्वतःला बंद करतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. पुन्हा पुन्हा बटण दाबणं म्हणजे वर्गात हात वर केलेल्या मुलाला "खाली बस" म्हणण्यासारखं आहे.

आणि कुठे थांबायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी जे झाकण उघडायला निघालो होतो, ते काही बॉयलरमध्ये ज्योतीच्या बंद कप्प्याच्या सीलचाच भाग असतं. ते उघडून नीट बसलं नाही तर जळालेला वायू घरात येऊ शकतो. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाची दुरुस्ती 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नाव असलेल्या तंत्रज्ञानेच करायची असा कायदा आहे. २००९ पासून ही नोंदवही तिथे आहे. तंत्रज्ञाकडे ओळखपत्र असतं आणि तो कुठकुठल्या कामाला पात्र आहे ते त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ते मागून बघण्यात कसलाही अपमान नाही.

गॅसचा वास आला तर काही तपासायचं नाही. विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. खिडक्या-दारं उघडायची, जमल्यास मीटरजवळचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. तिकडचा गॅस आणीबाणीचा क्रमांक ०८०० १११ ९९९ आहे.

आणि जिथे वासही येत नाही, ते संकट याहून मोठं. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं आणि घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं ही त्याची लक्षणं. निळ्याऐवजी पिवळी, आळसट ज्योत आणि उपकरणाभोवती काजळीचे डाग, ही त्याची खूण. तिकडे घरात याचा अलार्म लावतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात गॅस बॉयलर असलेल्या खोलीत तो बसवणं घरमालकाला सक्तीचं झालं आहे.

इथे मला आपल्या घरांविषयी बोलायचं आहे. आपल्याकडे बॉयलर नाही, पण गॅस गिझर आहे, आणि तो कित्येक घरांत बाथरूमच्या आत, बंद खिडकीखाली लावलेला असतो. हिवाळ्यात आपण खिडकी लावून घेतो, दार लावतो, गिझर चालू ठेवून सावकाश अंघोळ करतो. अशा बंद बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध पडून गेल्याच्या बातम्या दर थंडीत आपण वाचतो आणि पान उलटतो. आपण कार्बन मोनॉक्साइड शिकवतो, तो विषारी आहे हे मुलं पेपरात बरोबर लिहितात, आणि संध्याकाळी त्याच बाथरूममध्ये अंघोळीला जातात. शिकवलेलं आणि जगलेलं यांची गाठच पडत नाही. पालकहो, हा लेख वाचून झाला की आधी उठून आपला गिझर कुठे आहे, हवा कुठून येते, एवढं बघून या. गॅस गिझरची जागा मोकळ्या हवेत, बाथरूमच्या बाहेर.

आता आपल्या वर्गात

मायदेशी परत येताना विमानात मला एक जुनी गोष्ट आठवत होती. एका २६ जानेवारीला शाळेचा ध्वनिक्षेपक ऐनवेळी बंद पडला. मैदानात गाव जमलेलं. सातवीतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, वायर इथं हलतेय बघा." मी त्याला खेकसलो, "हात लावू नको, शॉक बसेल. जा रांगेत." भाषणं तशीच ओरडून झाली. दोन दिवसांनी तालुक्याहून माणूस आणला. त्याने माईकची पिन काढून नीट बसवली, पैसे घेतले आणि गेला. बिघाड तिथेच होता, जिथे त्या पोराने बोट दाखवलं होतं. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. तू बरोबर होतास, एवढे तीन शब्द मला बोलता आले नाहीत.

तो मुलगा चौकस होता आणि मी भित्रा. लीड्सला मी उतावळा झालो. मला वाटतं भित्रेपणा आणि उतावळेपणा ही सख्खी भावंडं आहेत. बघायची सवय नसली की माणूस एक तर हात लावायला घाबरतो, नाहीतर वाटेल तिथे हात लावतो. आपली शाळा मुलांना उत्तर शिकवते. बघायचं कसं, संशय कमी कसे करायचे आणि कुठे थांबायचं, हे शिकवायला आपल्याकडे तासिकाच नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मी आता शेजारच्या शाळेत अधूनमधून जाऊन एक खेळ घेतो. चार बॅटऱ्या (टॉर्च) घ्यायच्या. एकीत सेल उलटा, एकीत सेल संपलेला, एकीत बल्ब सैल, एकीत सेल आणि पत्री यांच्यामध्ये कागदाचा तुकडा. चार गट करायचे. अट एकच, पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही. फक्त बघून वहीत चार गोष्टी लिहायच्या : काय दिसतंय, काय बिघडलं असेल, ते एकाच चाचणीत कसं कळेल, आणि ती चाचणी चुकली तरी त्यातून काय कळेल. मग एका वेळी एकच बदल करायचा. गुण बॅटरी पेटल्याचे नाहीत, वहीचे.

पहिल्यांदा घेतला तेव्हा पोरांना ती पाच मिनिटं जड गेली. हात शिवशिवत होते. तिसऱ्या वेळी एका गटाला बिघाड सापडलाच नाही, पण त्यांच्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं : सेल चांगला आहे, दुसऱ्या बॅटरीत चालतो. बल्ब चांगला आहे. म्हणून दोष मधल्या जोडणीत कुठेतरी आहे. मी त्यांना पूर्ण गुण दिले. उद्या हीच मुलं मेकॅनिकला "चालत नाही" एवढंच न सांगता "हे, हे आणि हे बघितलं" असं सांगतील. बॉयलर दुरुस्त करणाऱ्या माणसाचाही अर्धा वेळ वाचतो तो अशा माहितीने.

याच तासाला लाल यादीही करून घ्यायची. मुलांनी घरी जाऊन लिहून आणायचं, आपल्या घरात कुठल्या वस्तू आपण तपासू शकतो, कुठल्या मोठ्यांबरोबरच आणि कुठल्या मोठ्यांनीही उघडायच्या नाहीत. काही शिक्षक मित्र म्हणतात, सर, असं शिकवलं तर पोरं घरी जाऊन काहीतरी उचकतील. ती भीती खोटी नाही. पण ती तशीही उचकतातच, मोबाईलवर व्हिडिओ बघून. "हात लावू नको" एवढंच ऐकलेलं पोर एक दिवस कुणी नसताना हात लावतं. का लावायचा नाही, हे ज्याला कळलंय, ते थांबतं. मुलींना या खेळात मुद्दाम पुढे बसवा, एवढी एक विनंती. बॅटरी मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात, असं आपोआप होतं, ते होऊ देऊ नका.

मुलीला मी नंतर विचारलं, हे सगळं तू शिकलीस कुठे? ती म्हणाली, "वॉर्डात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आजीकडून थोडं. बंब पेटवायच्या आधी ती चारी बाजूंनी फिरून बघायची, आठवतं?" मला आठवत होतं. ते शिक्षण आहे, हे मात्र तोवर कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या घरात किंवा शाळेत सध्या बंद पडलेली अशी एखादी वस्तू असेलच. येत्या शनिवारी ती मुलांपुढे ठेवा. प्लग काढलेला असू द्या. पाच मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. तुम्हीही लावू नका. आणि एखाद्या पोराने "सर, इथं हलतंय बघा" असं म्हटलं, तर आधी तिथे बघा.